हात लावू का?

गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये मी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू केला. नाव घालायला आलेल्या आयांच्या बोलण्यात चित्राचा विषय फारसा नव्हताच. "ताई, हा कुणाला काही म्हणजे काही देत नाही हो." "एकुलती एक ना, दुसऱ्याला लागलं तर हिला हसू येतं." एका बाबांनी तर महिन्याचे तीनशे रुपये हातावर ठेवत सांगितलं, "रंगवायला नाही आलं तरी चालेल, जरा माणसासारखं वागायला शिकवा." मी मान डोलावली. सव्वीस वर्षं मी छापखान्यात आर्टिस्ट होते. लग्नपत्रिका, लोणच्याची लेबलं, कॅलेंडरं. मुलांचा अनुभव म्हणाल तर स्वतःचा एक मुलगा, तोही आता बंगळुरात.

आम्ही कळव्याला राहतो, खारेगावच्या बाजूला. हॉल सोसायटीचा, म्हणजे सगळ्यांचा. हळदीकुंकू तिथेच, सर्वसाधारण सभेतली भांडणं तिथेच, बारसंही तिथेच. शनिवारी चार ते साडेपाच तो मला मिळाला, एका अटीवर: फरशीला रंग लागता कामा नये. मुलं अकरा, साडेतीन ते सात वर्षांची. निम्मी आमच्या इमारतीतली, निम्मी मागच्या चाळीतली. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, ओळखीपुरत्या खुणा देते.

मोबाइलवर पाहून मी पहिला उपक्रम ठरवला तो 'चांगुलपणाचं झाड'. भिंतीवर तपकिरी कागदाचं खोड, आणि कुणी काही चांगलं केलं की त्याच्या नावाचं हिरव्या घोटीव कागदाचं एक पान. पहिल्या शनिवारी चार पानं लागली, मी खूश. दुसऱ्या शनिवारी एकोणीस. मुलं एकमेकांना इतकी मदत करत होती की चित्र काढायला कुणाला वेळच नव्हता. तिसऱ्या शनिवारी चौथ्या मजल्यावरच्या मुलानं शेजारच्याची खडूपेटी कोपरानं ढकलली. पेटी पडली, खडू पांगले. हा लगबगीनं खाली बसला, एकेक खडू गोळा केला, पेटी नीट भरून परत दिली आणि थेट माझ्यासमोर येऊन तळहात पुढे केला.

"पान."

घरी येऊन हे सांगताना मी पोट धरून हसले. रात्री मात्र भाचीला फोन केला. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आणि मावशीची फजिती ऐकायला तिला नेहमीच वेळ असतो. तिनं मला 1973 सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं, सगळी स्केचपेननं चित्रं काढायची हौस असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे आठवडाभरानं, दोनेक आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात नुसती मांडून ठेवली, तर आधी बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्यापाशी बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

"हे चित्रांचं झालं," मी म्हटलं.

"मदतीचंही तेच आहे, मावशी." 2008 मध्ये वार्नेकन आणि टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या बाळांसमोर वस्तू खाली पाडून पाहिल्या. बाळं आपणहून त्या उचलून देत. उचलण्याबद्दल ज्यांना खेळणं मिळालं, ती पुढे इतरांपेक्षा कमी उचलू लागली. त्या प्रयोगात निदान वस्तू मोठी माणसं पाडत होती. आमच्या पठ्ठ्यानं तेही काम स्वतःकडे घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी झाड काढून टाकलं. "झाड कुठे गेलं?" "पानगळ झाली." "आता पान नाही मिळणार?" "नाही." "बरं," म्हणून दोन वेण्यांवाली चित्र काढायला बसली. एवढ्यावर विषय संपला. तीन आठवडे पानं कापून अंगठ्याला घट्टा पडला होता तो माझ्या.

मग कागदी ताटल्यांवर चेहरे केले: आनंदी, दुःखी, रागावलेला. सगळीकडे करतात तसे. अकराही दुःखी चेहऱ्यांना दोन-दोन निळे थेंब, तोंडाची कमान उलटी. मोबाइलमधल्या पिवळ्या गोळ्यांची नक्कल. मुलांनी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं, आणि मीही त्यांना पाहायला सांगितलं नव्हतं. जांभळी नाक्यावरून सहा हात-आरसे आणले. पहिला अर्धा तास जिभा दाखवण्यात गेला. मग दोन वेण्यांवाली आरसा खाली ठेवून म्हणाली, "काकू, माझी आजी रडते ना, तेव्हा तिचं तोंड असं वाकडं नसतं. सरळच असतं." आणि तिनं ताटलीवर पट्टीनं ओढल्यासारखी एक आडवी रेघ काढली.

"मग ती रडतेय हे कसं कळतं?"

"पदर असतो ना इथे," तिनं मूठ ओठांशी नेली.

ती ताटली मी अजून ठेवली आहे. छापखान्यात शेकडो चेहरे काढले मी. दुःखी बाई म्हटलं की डोळ्यांत पाणी. पदर धरलेला हात कधी सुचला नाही.

त्यावरून वारली चित्रं आठवली. आपल्याकडे वारली म्हणजे उशीचे अभ्रे आणि रेल्वे स्टेशनच्या भिंती असं होऊन बसलंय. पण येऊरच्या पाड्यांवर वारली वस्ती आहे आणि 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत या कलेचा बराचसा मुलूख आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नाचा चौक, म्हणजे विधीसाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या बायकांची ही कला. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात ती विधीबाहेर, कागदावर आणली. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यातली एक गोष्ट हवी होती. वारली माणसाला नाकडोळे नसतात. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. सगळं काही त्या जोडाच्या टोकाशी घडतं. वरचा त्रिकोण जरा कलवला की माणूस वाकला, ओझं उचललं, थकला, नाचला. पाच वर्षांच्या मुलाला चेहरा साधत नाही, पण त्रिकोण कलवता येतो.

तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग मी करून पाहिला, तो सुकल्यावर कागदावरून झडला. डिंक कमी पडला असणार. शेवटी गेरूच्या रंगाचा कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर आणि कान कोरायच्या काड्या. आधी मुलांनी स्वतः उभं राहून दाखवायचं: बस सुटली तर कसे उभे राहाल? ताप आलेला माणूस कसा बसतो? बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून त्रिकोण कलवायचे. एकानं बस सुटलेल्या माणसाचे दोन्ही हात जमिनीपर्यंत लोंबते काढले. त्या दिवशी हॉलमध्ये जितकी शांतता होती तितकी परत कधी मिळाली नाही. दुसऱ्याकडे टक लावून बघायला एरवी आपण त्यांना मनाई करतो. "असं बघू नये, बरं दिसत नाही."

ऑगस्टमध्ये मात्र धाकट्यानं मला हैराण केलं. हा साडेतीन वर्षांचा, चाळीतला. दुसऱ्याचा खडू सरळ ओढून घ्यायचा आणि समोरचा रडायला लागला की आश्चर्यानं बघत राहायचा. मी त्याला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. भाची म्हणाली, एक गंमत करून बघ. मी खडूंच्या पेटीत बटणं भरली. धाकट्याला विचारलं, आत काय? "खडू." उघडून दाखवलं. बटणं! पेटी पुन्हा बंद केली. "आता दोन वेण्यांवाली ताई येईल. तिनं ही पेटी अजून बघितली नाही. तिला काय वाटेल, आत काय आहे?"

"बटणं," तो ठामपणे म्हणाला.

हाच प्रश्न सहा वर्षांच्या मुलीला विचारला तर ती तोंडावर हात दाबून हसायला लागली, "तिला वाटेल खडू!" विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये अशाच धर्तीची एक चाचणी केली होती. नंतर जगभर अनेकांनी ती करून पाहिली. साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास मुलांच्या ध्यानात येऊ लागतं की मला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं. धाकटा अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे होता. म्हणजे त्याला कळवळा नव्हता असं मुळीच नाही. कुणी पडलं तर स्वतःची पाण्याची बाटली आधी तोच नेऊन द्यायचा. पण खडू ओढल्यावर समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा त्याला खरोखरच पत्ता नव्हता. "तुला कसं वाटेल रे असं केलं तर?" हे आपलं पेटंट वाक्य मी त्याला वापरायचं सोडून दिलं. नुसतं सांगायचं, "तिला तो खडू हवा होता. बघ, ती रडतेय." मग तो बघायचा. कधी द्यायचा, कधी नाही.

सप्टेंबरात गणपतीची सुट्टी संपल्यावर एका कागदावर दोघांनी मिळून चित्र काढायचं ठरवलं. पूर्ण आकाराचा कार्ट्रिज कागद, दोघांत एकच ब्रश. मी आपली मनात सहकार्याची स्वप्नं रंगवत होते. चारही जोड्यांनी आणि एका तिकडीनं सगळ्यात आधी काय केलं? मधोमध जाड काळी रेघ. "ही माझी बाजू." पलीकडे ब्रश गेला की आरडाओरडा. एका जोडीत निळा रंग ओघळून शेजारच्याच्या सूर्यात शिरला आणि ब्रशच्या दांड्यानं डोक्यात एक टोला बसला.

मला त्या रेघा पुसाव्याशा वाटल्या. मग वाटलं, आपल्या पार्किंगमध्ये पिवळ्या पट्ट्या कुणी मारल्या? रेघ राहू दिली, फक्त एक नियम केला. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा तर आधी विचारायचं, "हात लावू का?" समोरचा नको म्हणाला तर नको. का, हे विचारायचं नाही. पहिले दोन शनिवार सगळ्यांनी सगळ्यांना नकोच म्हटलं. 'नको' म्हणायची इतकी मोकळीक मुलांना बहुधा कुठे मिळत नसावी, ती चोपून वापरली गेली. तिसऱ्या शनिवारी एकीनं शेजारणीला विचारलं, "तुझ्या नदीत मासा काढू?" ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "एकच. छोटा."

आणि मग तो नियम मीच मोडला.

चाळीतला एक सहा वर्षांचा मुलगा कुत्रा काढत होता. त्यांच्या गल्लीतलाच, तीन पायांवर चालणारा. चौथा पाय वर आखडलेला. मला ते ठाऊक नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की पाठीमागचा पाय चुकलाय, फार आखूड झालाय. सव्वीस वर्षांची सवय. वाकले, त्याच्या हातातला खडू घेतला आणि एका फटकाऱ्यात पाय जमिनीला टेकवला. "हं, आता बघ कसा उभा राहिला!"

त्यानं कागद उलटा केला. रडला नाही, बोलला नाही. साडेपाच वाजेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसला. माझ्या अजूनही लक्षात आलं नव्हतं. चौथ्या मजल्यावाला, पानवाला तोच, जवळ येऊन जरा दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही विचारलं नाही."

"काय विचारलं नाही?"

"हात लावू का."

माझा पहिला विचार काय होता हे लिहिते, कारण तो लिहिण्याजोगा नाही. मला वाटलं, मी शिकवणारी आहे, मला कशाला विचारायला हवं?

पुढचे दोन शनिवार तो मुलगा आलाच नाही. तिसऱ्याला त्याची आई ओढत घेऊन आली. "घरी नुसता बसतो हो, वहीच उघडत नाही. तुम्ही काही बोललात का?" मी काय झालं ते सांगितलं. तेव्हा तिच्याकडून कुत्र्याचा पाय कळला. रिक्षाखाली आला होता. रोज संध्याकाळी हा त्याला चपातीचा तुकडा घालतो.

मी त्याच्यासमोर फरशीवर बसले. माझे गुडघे आता बसताना आवाज करतात, तो ऐकून सगळी मुलं वळून बघायला लागली. बरंच झालं. म्हटलं, "तुझ्या कुत्र्याला मी न विचारता हात लावला. त्याचा पाय तसाच होता, मला माहीत नव्हतं. मी चुकले." तो खाली मान घालून ऐकत होता. आता काय? माफी मागून झाली की आपण मोठी माणसं लगेच 'झालं ना आता, हस बघू' म्हणतो. तेच ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मी त्या आठवड्यात काढलेलं एक जलरंगातलं चित्र पिशवीत होतं, मुलांना दाखवायला आणलेलं. विटाव्याच्या बाजूनं दिसणारी खाडी, कांदळवन, वर ढग. बरं उतरलं होतं. ते त्याच्यापुढे ठेवलं. "यावर तुला काही काढायचंय?"

तो म्हणाला, "हात लावू का?"

खरं सांगते, नको म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं. त्यानं काळा ऑइल पेस्टल उचलला आणि आकाशाच्या मधोमध, अगदी ढगावर, कुत्रा काढला. तीन पाय खाली, एक वर. दाबून, खडू मोडेपर्यंत. मग पुढ्यातला कोरा कागद ओढून घेतला आणि काहीतरी वेगळंच काढायला लागला. ते चित्र हॉलमध्ये नोटीस बोर्डाशेजारी लावलं आहे. सेक्रेटरी म्हणाले, "छान आहे, पण आकाशात कुत्रा कसा?" उत्तर द्यायला तो मुलगा तिथेच होता. त्यानं दिलं नाही.

दिवाळीनंतर मला वाटलं, आता कुणासाठी तरी चित्र काढू. सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन काका, लातूरकडचे. सगळ्यांच्या ओळखीचे. मुलांना सांगितलं, काकांना आवडेल असं काढा. तर निघाले पाच स्पायडरमॅन, तीन राजकन्या, एक केक. म्हणजे आपल्याला आवडतं तेच. भाचीनं या बाबतीतही एक प्रयोग सांगितला होता, 1997 सालचा, रेपाकोली आणि गॉपनिक यांचा. बाळांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. समोरच्या बाईनं ब्रोकोली खाऊन 'वा वा' केलं, बिस्किटाला तोंड वाकडं केलं आणि हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या बाळांनी तिला बिस्किटच दिलं, अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली. आमचे स्पायडरमॅन काढणारे सहा वर्षांचे होते! पण मग वाटलं, काकांना काय आवडतं हे त्यांना कळणार कुठून? मला तरी कुठे ठाऊक होतं? बारा वर्षं मी त्यांना 'पार्सल आलं का' याखेरीज काही विचारलेलं नाही.

म्हणून वर्ग गेटवर नेला. काका नुकतेच आले होते, डबा कोपऱ्यात ठेवत होते. अकरा मुलं बघून दचकले. दोन वेण्यांवालीनं विचारलं, "काका, तुम्हाला काय आवडतं?"

काका म्हणाले, "झोप."

मुलं खो खो हसली. काका हसले नाहीत. मग सावकाश बोलायला लागले. दिवसा खोलीवर झोपायला जावं तर शेजारी बांधकाम. रात्री खुर्चीत डोळा लागतो न लागतो तोच गाडी येते, हॉर्न देते. खुर्चीचाही एक हात तुटलेला. गावाकडे म्हैस होती, ती विकली. धाकट्यानं विचारलं, "का?" काका म्हणाले, "पैसे पाहिजे होते, बाळा."

परत हॉलमध्ये येऊन मोठा प्रश्न पडला, झोप काढायची कशी? त्यावर वीस मिनिटं चर्चा चालली. कुणी पांघरूण म्हणालं, कुणी काळा रंग. दोन वेण्यांवालीनं दोन्ही हात शाबूत असलेली खुर्ची काढली आणि तिच्यावर फुलाफुलांची उशी. धाकट्यानं चार पायांचं एक काळं भेंडोळं काढलं. ती म्हैस होती. चौथ्या मजल्यावाल्यानं बंद गेट काढलं. नुसतं गेट. गाडी नाही, माणूस नाही, बाकी कागद कोरा.

"अरे, अजून काहीतरी काढ की."

"नको. कुणी येत नाहीये."

चित्रं दिली, काकांनी ती केबिनमध्ये सेलोटेपनं चिकटवली. एका आईनं मला जिन्यात गाठून विचारलं, "वॉचमनला कशाला, आजी-आजोबांना द्यायची ना." खुर्चीचा विषय मी कमिटीपुढे मांडला, तो पुढच्या सभेवर गेला. जानेवारी अर्धा सरला तरी खुर्ची तीच आहे.

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे बाबा भेटले. तीनशे रुपये देऊन माणसासारखं वागायला शिकवा म्हणाले होते तेच. "ताई, हल्ली रात्री गेटवर हॉर्न द्यायची सोय नाही. हा मागच्या सीटवरून ओरडतो. उतरून मलाच गेट उघडावं लागतं." आवाजात तक्रार होती. माझा मजला आला, मी उतरले.

त्याच शनिवारी त्याच मुलानं गुलाबी खडूवरून शेजारच्याच्या दंडाला चावा घेतला. चांगले दात उमटले. मी वर धावत जाऊन बर्फ आणला, रुमालात बांधला. चावणारा माझ्याकडून तो रुमाल घेऊन रडणाऱ्यासमोर गेला आणि म्हणाला, "हात लावू का?"

"नको."

तो तिथेच उकिडवा बसून राहिला, रुमाल मुठीत धरून. पुन्हा विचारलं नाही, उठूनही गेला नाही. बर्फ वितळून फरशीवर ठिबकत होता. नुसतं पाणी होतं, म्हणून सेक्रेटरींना काही कळवलं नाही.